सॉफ्टवेअर फुकट, पण बनवणाऱ्याचं काय?

पिंगळीत लग्नाचा व्हिडिओ बघायचा असो की मुलाचा नोकरीचा अर्ज टाइप करायचा, व्हीएलसी आणि लिबरऑफिसवर काम भागतं. ही ओपन सोर्स सॉफ्टवेअर्स. कोड सगळ्यांसाठी खुला, वापर मोफत. आम्हीही वर्षानुवर्षं फुकटच वापरत आलो. पण बनवणाऱ्यालाही घर चालवायचं असतंच ना!

२०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये 'हार्टब्लीड' हा दोष सापडला. जगभरातल्या लाखो वेबसाइट्सची सुरक्षा ज्याच्यावर, त्या प्रकल्पाला तोवर वर्षाला जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळायची. बोभाटा झाला तेव्हा कुठे मोठ्या कंपन्यांनी खिशात हात घातला. आपल्याकडे झेरोधाने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला.

व्हीएलसीसाठी व्हिडिओलॅन आणि लिबरऑफिससाठी डॉक्युमेंट फाउंडेशन या ना-नफा संस्था देणगी घेतात. संस्था परदेशातल्या, त्यामुळे कार्डावर परदेशी व्यवहार आधी बँकेच्या ॲपमधून सुरू करावा लागतो. काम झालं की बंद करून टाका. रक्कम लहान असली तरी चालते. फक्त पैसे संस्थेच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच द्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून नको.