श्वासाचा ढग

पौषातल्या एखाद्या पहाटे तुम्ही भंडारदऱ्याला गेला आहात काय? अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाई शिखराजवळ हे ठिकाण आहे. तेथे त्या वेळी तोंड उघडले, की पांढरा धूर निघतो. गाडीला जुंपलेल्या बैलांच्या नाकपुड्यांतूनही तो निघतो. मुलांना तर आगगाडीचे इंजिन होण्याची आयती संधीच!

पण हा धूर नव्हे आणि वाफही नव्हे. पाण्याची वाफ डोळ्यांना दिसतच नाही. चहाची किटली उकळताना तोटीच्या अगदी तोंडाशी मोकळी जागा दिसते, तेथे खरी वाफ असते. पुढचा पांढरा लोट म्हणजे पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब. आपला ढगही तसाच.

फुप्फुसांचे आतले अस्तर ओले असते. त्यामुळे श्वासाची हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त होऊन बाहेर पडते. तिचे तापमान सुमारे ३४ अंश सेल्सिअस असते व तिच्या एका घनमीटरात सुमारे ३८ ग्रॅम बाष्प असते. दिवसाकाठी आपण एक मोठा पेलाभर पाणी असे उच्छ्वासावाटे गमावतो.

“श्वास थंड झाला, बाष्पाचे पाणी झाले,” असे उत्तर लिहिले तर परीक्षेत गुण मिळतील. पण ते पुरे आहे का? दुपारी खोलीत २८ अंश तापमान असताना आरशाजवळ तोंड नेऊन ‘हा’ करा. आरसा धुरकट होईल. आता तसाच श्वास मोकळ्या हवेत सोडा. काहीच दिसणार नाही! आरसा २८ अंशांवर, हवाही २८ अंशांवर. मग हा भेद का?

थोडे गणित करू. आरशाला टेकलेला श्वास बाहेरच्या हवेत न मिसळताच २८ अंशांपर्यंत थंड होतो. त्या तापमानाला घनमीटरभर हवेत २७ ग्रॅमच बाष्प मावते. उरलेले ११ ग्रॅम काचेवर थेंबांच्या रूपाने जमतात. मोकळ्या हवेत मात्र श्वास थंड होता होताच कोरड्या हवेत मिसळतो. दुपारच्या त्या हवेत ८ ग्रॅम बाष्प आहे असे धरा. निम्मा श्वास आणि निम्मी हवा मिसळली, की तापमान ३१ अंश आणि बाष्प २३ ग्रॅम होते. ३१ अंशांना तर ३२ ग्रॅम मावते. मग थेंब होणार कशाचे?

आता पहाट घ्या. हवेत बाष्प तेवढेच, ८ ग्रॅम. पण तापमानही ८ अंशच. निम्मे-निम्मे मिश्रण २१ अंशांचे होते. बाष्प पुन्हा २३ ग्रॅम, पण मावते १८ ग्रॅमच. वरच्या ५ ग्रॅमचा झाला ढग! आणखी हवा मिसळली, की थेंबांचे पुन्हा बाष्प होते व ढग विरतो. म्हणून ओठ आवळून जोरात ‘फू’ केले, तर हवा झटपट मिसळते आणि ढग फारसा दिसत नाही.

भंडारदऱ्याचा जलाशयही हाच खेळ खेळतो. प्रवरा नदीवरील विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याचे हे पाणी. रात्रीत जमिनीवरची हवा गारठते, पाणी मात्र हळूहळू निवते. पाण्यालगतची उबदार, दमट हवा वरच्या थंड हवेत मिसळते आणि जलाशय ‘श्वास’ सोडू लागतो. ऊन चढले, की तो दिसेनासा होतो.

उन्हाळ्यात स्टीलची एक ताटली उन्हात चांगली तापू द्या. फडक्याने धरून तिच्यावर ‘हा’ करा. काय दिसते आणि का, ते वरचे आकडे घेऊन तुम्हीच सांगा.