न हललेल्या अंगठ्याची किंमत

वणीत कापसाचा भाव पाहायचा असो की घाटंजीत सातबारा काढायचा असो, यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाच्या आणि त्या माहितीच्या मधे एक ब्राउझर असतोच. बहुतेकदा क्रोम. 2008 साली आलेल्या या क्रोमवर इंजिनिअरांची फौज राबते, आणि आपण एक रुपयाही मोजत नाही. मग गुगल हा खर्च करतं तरी कशासाठी?

त्याआधी एक नवल ऐका. अँड्रॉइड फोनवर क्रोम आयता मिळत असूनही 2017 मध्ये भारतात मोबाइलवर निम्म्याच्या आसपास वापर होता यूसी ब्राउझरचा, म्हणजे चीनच्या अलीबाबाचा! त्याची युक्ती भन्नाट होती. तुम्ही मागितलेलं पान आधी यूसीच्या सर्व्हरवर जायचं, तिथे चित्रं आकसायची, आणि हलकं झालेलं पान फोनवर उतरायचं. एकेक एमबी जपून वापरणाऱ्यांची केवढी सोय! आणि कंपनीला काय मिळायचं? आपली नजर. त्याच ब्राउझरमध्ये ती बातम्या आणि जाहिराती दाखवायची.

पण सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं होतं. डेटा स्वस्त होत गेला, तशी बचतीची ओढ ओसरली. 29 जून 2020 ला सरकारने यूसीसह 59 चिनी ॲप्सवर बंदी घातली. मैदान क्रोमचं झालं.

आता गुगलचं गणित पाहा. त्याची मुख्य कमाई जाहिरातींची, आणि त्यातला मोठा वाटा शोधांतून येतो. क्रोमच्या पट्टीत शब्द लिहिला की तो सहसा गुगलकडेच जातो. एसटी स्टँडच्या दाराशी दुकान असावं, तशी ही जागा!

जिथे दार दुसऱ्याचं, तिथे? ॲपलच्या सफारीत आपला शोध आधीपासून लावलेला असावा, म्हणून गुगलने 2022 मध्ये ॲपलला 20 अब्ज डॉलर दिले. दीड लाख कोटी रुपयांहून जास्त! ती सेटिंग कुणीही अर्ध्या मिनिटात बदलू शकतो. पण बहुतेकजण बदलत नाहीत, आणि गुगल पैसे मोजतं ते नेमके त्याचेच.

अँड्रॉइडवर तर दार गुगलचंच. तिथल्या वागण्यावरून 20 ऑक्टोबर 2022 ला भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला 1,337.76 कोटींचा दंड ठोठावला. क्रोमसकट ॲप्सचा अख्खा गठ्ठा फोन कंपन्यांच्या गळ्यात मारणं, हा एक आक्षेप होता.

ज्या सेटिंगसाठी एवढा पैसा ओतला जातो, ती आपल्या खिशात आहे. उघडून पाहा. तिथे जे नाव आहे, ते तुम्ही निवडलंय का?