चूल बदलली, दोनाबे बदललं

जपानमध्ये थंडी सुरू झाली की जेवणाच्या टेबलावर मधोमध मातीचं जाडजूड भांडं येतं. तेच दोनाबे. खाली शेगडी, वर रटरटणारा रस्सा, भोवती घरची मंडळी. आओमोरी प्रांतात ओदाई यामामोतो इथे सापडलेली खापरं सुमारे 16,000 वर्षांपूर्वीची आहेत, म्हणजे जपानशी मातीच्या भांड्याचं नातं फार जुनं. तेव्हापासून विस्तव मात्र सारखा बदलत आला: लाकूड, कोळसा, गॅस, इंडक्शन. आणि या भांड्यानं प्रत्येकाशी जुळवून घेतलं!

मंद आंच आणि इगाची माती. मिए प्रांतातल्या इगा गावाची माती एका प्राचीन सरोवराच्या तळाची. त्यात लाखो वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचे अवशेष आहेत. भट्टीत ते जळून जातात आणि मातीत बारीक छिद्रं उरतात. त्यामुळे भांडं तापतं सावकाश आणि निवतंही सावकाश. इगाच्या दुहेरी झाकणाच्या भातपात्रात तर बारा-तेरा मिनिटांनी गॅस बंद करायचा आणि वीसेक मिनिटं हात लावायचा नाही. उरलेला भात मातीच शिजवते. मला विचाराल तर दोनाबेची खरी जादू इथेच आहे.

गॅसच्या ज्योतीवर भांडी तडकू लागली तेव्हा शेजारच्या योक्काइचीतल्या बांको कुंभारांनी उपाय शोधला. 1950च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी मातीत पेटलाइट नावाचं लिथियमयुक्त खनिज मिसळायला सुरुवात केली. ही माती तापली तरी फारशी फुगत नाही, म्हणून सहसा तडकत नाही. आज जपानमध्ये बनणारी बहुतेक दोनाबे बांकोचीच. खनिज येत होतं थेट झिंबाब्वेच्या बिकिता खाणीतून. 2022मध्ये ती खाण एका चिनी कंपनीनं घेतली. बॅटऱ्यांसाठी लिथियमला मागणी आलेलीच होती, त्यात कुंभारांना पेटलाइट मिळणं कठीण झालं. मोबाइल आणि भाताचं भांडं एकाच खनिजासाठी रांगेत!

टेबलावरची शेगडी म्हणजे नळीशिवायचा, छोट्या डब्यावर चालणारा गॅस. इवातानी कंपनीनं तो 1969मध्ये आणला. इथे एक सावधगिरी हवीच: गॅसचा डबा झाकला जाईल इतकं मोठं भांडं शेगडीवर ठेवू नये. उष्णता खाली परतते आणि डबा फुटू शकतो.

स्वयंपाकघरातल्या गॅसवर वेगळीच गंमत. 2008पासून जपानमध्ये घरगुती गॅसच्या प्रत्येक बर्नरला तापमान ओळखणारा सेन्सर सक्तीचा झाला. जाड मातीतून उष्णता त्याच्यापर्यंत उशिरा पोचते, म्हणून त्याचा अंदाज चुकू शकतो. लक्ष आपणच ठेवायचं.

इंडक्शनला माती दिसतच नाही. त्याला लोखंडासारखा धातू लागतो. म्हणून काही दोनाबेच्या तळाला धातूचा पातळ थर देतात, काहींच्या आत चकती बसवतात. साधं दोनाबे इंडक्शनवर ठेवलं तर पाणी कोमटसुद्धा होणार नाही. विकत घेताना खोक्यावरची सूचना पाहावीच. धातूचा थर असलेलं भांडं मायक्रोवेव्हमध्ये मात्र चालत नाही.

कुठल्याही शेगडीवर लागू पडणारे नियम तीन. नवं भांडं आधी तांदळाची पेज शिजवून तयार करायचं, म्हणजे स्टार्च छिद्रांत जाऊन बसतो आणि गळती थांबते. महाराष्ट्रातही नवं मडकं वापरण्याआधी भिजवून मुरवतात, त्यामुळे आपल्याकडच्या जाणत्या बायांना हे सांगावं लागणार नाही. दुसरा, तळ बाहेरून पूर्ण कोरडा हवा. ओला तळ ज्योतीवर गेला की चीर पडलीच म्हणून समजा. आणि तिसरा, तापलेलं भांडं गार पाण्याखाली कधीही धरायचं नाही. आधी निवू द्यायचं.

आकाराचा अंदाज हवा असेल तर जपानी दुकानात 'गो' विचारा: एक गो सुमारे 3 सेंटीमीटर व्यासाचा. तीन-चार माणसांच्या घराला 8 गो पुरे.