फेडणाऱ्याचं काय?

माझ्या धाकट्या भावाची मुलगी वाणिज्य शाखेत शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली ती वही घेऊनच. ‘समकालीन आर्थिक प्रश्न’ असा एक पेपर तिला आहे. चकलीचा तुकडा तोंडात टाकत म्हणाली, “काका, इतकी वर्षं बँकेत होतात ना? मग एवढं उत्तर तपासून द्या.”

प्रश्न होता, शेतकरी कर्जमाफीचे फायदे व तोटे सांगा. उत्तर सुवाच्य अक्षरात होतं. चार फायदे, चार तोटे आणि शेवटी ‘म्हणून समतोल धोरणाची आवश्यकता आहे’. मी म्हटलं, “छान! दहापैकी आठ.” तिचं समाधान झालं नाही. “पण काका, खरं काय? माफी द्यावी की देऊ नये?”

मी चष्मा पुसत बसलो. हा प्रश्न मला पूर्वीही एकदा विचारला गेला होता, फक्त तो परीक्षेच्या कागदावर नव्हता.

आमच्या वेळी, म्हणजे १९८०च्या आसपास, या विषयाला ‘भारतीय अर्थव्यवस्थेचे प्रश्न’ म्हणत. लोकसंख्या, बेकारी, दारिद्र्य, भाववाढ. प्रत्येक प्रश्नाची कारणं आणि उपाय पाठ केले की पास. पण आम्हाला एक सर असे लाभले होते, की ते पाठांतरावर थांबू देत नसत. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा दारिद्र्यावरचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला होता. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळाव्यात, आणि त्यासाठी १९६०-६१च्या भावानं खेड्यात माणशी महिना सुमारे १५ रुपये खर्च व्हायला हवा, असा त्यांचा हिशेब होता. सरांनी फळ्यावर १५ला ३०नं भागलं आणि आमच्याकडे वळून विचारलं, “आठ आण्यांत दिवस. ज्वारी किती, डाळ किती, तेल किती? आणि पोर आजारी पडलं तर यातलं काय कमी कराल?” वर्ग चिडीचूप. दारिद्र्यरेषा ही कागदावरची रेघ नसून कुणाच्या तरी चुलीवरून जाते, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढं मी बँकेत लागलो आणि १९९० साली मराठवाड्यातल्या एका शाखेत शेतीकर्जाचं काम पाहत होतो. त्याच वर्षी केंद्र सरकारची कृषी व ग्रामीण कर्ज सवलत योजना आली. २ ऑक्टोबर १९८९ रोजी जी बाकी थकलेली होती, तीत १० हजार रुपयांपर्यंत सूट. ऐपत असून बुडवणाऱ्यांना वगळायचं होतं. पण कुणाची ऐपत होती आणि कुणाची नव्हती, हे ठरवायचं कुणी? तर आमच्यासारख्या टेबलामागच्या माणसांनी. रात्री उशिरापर्यंत लेजर चाळून आम्ही याद्या केल्या.

यादी लागली त्या दिवशी शाखेत जत्रा भरली होती. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर एक म्हातारबाबा टेबलाशी आले. धोतर, डोक्याला मुंडासं, हातात पासबुक. म्हणाले, “साहेब, माझं नाव कुठं दिसंना.” मी लेजर उघडलं. बाबांनी सप्टेंबर १९८९मध्ये सगळी बाकी भरली होती. चार हजारांच्या वर रक्कम होती.

“बाबा, तुमची थकबाकीच नाही. तुम्ही भरलंत की!”

“भरलं ना. घरातलीची बोरमाळ मोडून भरलं. शेजारच्यानं नाही भरलं, त्याचं माफ झालं. मग फेडलं ही माझी चूक झाली का साहेब?”

मी काय बोललो असेन? “बाबा, नियम आहे.” त्यांनी पासबुक दोन्ही हातांनी पुन्हा पिशवीत ठेवलं, रामराम केला आणि निघून गेले.

तो शेजारीही मला ठाऊक होता. तो लबाड नव्हता. विहिरीनं तळ गाठला होता, बैल मेला होता. माफी मिळाली नसती तर तो सावकाराच्या दारात गेला असता. म्हणजे त्याला मिळालं ते योग्यच होतं आणि बाबांना मिळालं नाही ते अन्यायाचं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या. पुढच्या हंगामात वसुलीला फिरताना नेहमी वेळेवर भरणारी माणसं हसून विचारू लागली, “साहेब, घाई कशाला? पुन्हा माफ होईल की!” पुतणीच्या वहीत हा तोटा क्रमांक दोन आहे, ‘परतफेडीच्या शिस्तीवर परिणाम’. मी तो त्या हसण्यात ऐकला आहे.

२००८ साली केंद्राची मोठी कर्जमाफी आली, तेव्हाही थकलेल्यांचाच विचार झाला. आपल्या राज्याच्या २०१७च्या योजनेत मात्र नियमित फेडणाऱ्यांसाठी २५ हजारांपर्यंतची प्रोत्साहनपर रक्कम आली. २०१९च्या योजनेत ती मर्यादा ५० हजारांवर गेली. बाबांचा प्रश्न सरकारी कागदावर यायला सत्तावीस वर्षं लागली. ‘समकालीन’ प्रश्न किती जुने असतात पाहा!

हे सगळं पुतणीला सांगितलं. चकलीचं ताट तसंच राहिलं होतं. ती म्हणाली, “हे पुस्तकात का नाही?”

पुस्तकाचा दोष नाही. पुस्तकानं आकडे द्यावेत, कायदे सांगावेत, मुद्दे नीट मांडावेत. ते हवंच. ते नसतं तर मीही बाबांबरोबर नुसती हळहळ करत बसलो असतो. पण प्रत्येक मुद्द्यामागे एक माणूस उभा असतो आणि त्याला शोधण्याचं काम विद्यार्थ्याचं, शिक्षकाचं आणि खरं तर घरातल्या आपल्यासारख्यांचंही. भाववाढीचा धडा असेल तर आईची वाण्याची वही मागावी. बेकारीचा असेल तर तीन वर्षं स्पर्धा परीक्षा देणाऱ्या चुलतभावाशी बोलावं. नोटाबंदीचा असेल, तर ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री आजीच्या डब्यातून काय निघालं, ते विचारावं.

निघताना पुतणीनं वही पिशवीत घातली. ‘समतोल धोरणाची आवश्यकता आहे’ हे वाक्य तिनं खोडलं होतं. त्या जागी लिहिलं होतं, ‘ज्याने कर्ज फेडले, त्याचाही विचार धोरणात असला पाहिजे.’

परीक्षक याला किती गुण देतील, सांगता येत नाही. माझ्या हातात असतं तर मी दहापैकी दहा दिले असते. पस्तीस वर्षांपूर्वी टेबलापलीकडून मला हे वाक्य सुचायला हवं होतं.