मातीतली शर्यत : आर. सी. ट्रक चालवावा कसा, जुळवावा कसा



रिमोटवर चालणारी मोटार आता घरोघरी आहे. ती वाढदिवसाला येते, चार दिवस अंगणात धावते, पाचव्या दिवशी भिंतीवर आदळून तिचे चाक निखळते आणि मग तिची रवानगी माळ्यावर होते. या खेळण्याचे एक थोरले भावंड मात्र आहे. त्याचा प्रत्येक भाग सुटा करता येतो, दुरुस्त करता येतो, बदलता येतो. त्याच्या रीतसर शर्यती होतात. त्याला म्हणतात आर. सी. ऑफ-रोड ट्रक. आर. सी. म्हणजे रेडिओ कंट्रोल आणि ऑफ-रोड म्हणजे डांबरी रस्ता सोडून मातीत चालणारा.

आपल्या विज्ञान मंडळातील काही मुलांनी मैदानाच्या कडेला अशा ट्रकसाठी छोटा मातीचा ट्रॅक करू द्यावा, असा अर्ज दिला आहे. ‘हा पैशांचा चुराडा की शिक्षण?’ असा प्रश्न काही पालकांनी विचारला, आणि तो रास्तच आहे. निर्णय घेण्याआधी हा खेळ नेमका काय आहे हे सर्वांना कळावे, म्हणून हा लेख.

खेळ आला कोठून?

हा खेळ रुजला तो मुख्यतः अमेरिकेत, त्यातही कॅलिफोर्नियात, आणि जपानमध्ये. मिकी थॉम्पसन या मोटारशर्यतपटूने १९७९ साली लॉस एंजलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये माती ओतून, उंचवटे रचून खऱ्या ट्रकच्या शर्यती भरवल्या. त्याच वर्षी जपानच्या तामिया कंपनीने ‘रफ रायडर’ ही मातीत धावणारी छोटी गाडी बाजारात आणली. १९८४ साली कॅलिफोर्नियातील ‘असोसिएटेड’ कंपनीची ‘आर. सी. १०’ आली. रॉजर कर्टिस यांनी रचलेल्या या गाडीला अ‍ॅल्युमिनियमची चासी होती आणि तेल भरलेले शॉक अब्सॉर्बर होते. १९८५ साली कॅलिफोर्नियातील डेल मार येथे पहिली जागतिक ऑफ-रोड स्पर्धा झाली. तिच्यात दोन चाकांना शक्ती असलेल्या गाड्यांच्या गटात जे हॅल्सी याने याच गाडीवर अजिंक्यपद मिळवले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या गाड्यांना मोठी चाके आणि ट्रकची टप बसली, आणि एक दशांश आकाराचा ‘स्टेडियम ट्रक’ तयार झाला. या लेखात आम्ही याच ट्रकविषयी लिहीत आहोत. त्याचे वजन साधारण दीड ते पावणेदोन किलो असते. मोटार विजेची असते आणि शक्ती फक्त मागच्या दोन चाकांना मिळते.

शर्यत कशी होते?

चालक उंच मचाणावर ओळीने उभे राहतात. ट्रॅक खाली असतो. शर्यत बहुधा पाच मिनिटांची असते. तेवढ्यात कोणी किती फेऱ्या पूर्ण केल्या हे मोजतात. वेळ संपली तरी चालू असलेली फेरी पुरी करायची असते. आधी पात्रता फेऱ्या होतात आणि त्यांच्या निकालावरून अंतिम शर्यतींचे गट पडतात.

आता एक गणित करू. पहिला चालक प्रत्येक फेरी २०.२ सेकंदांत, पण एकदाही न उलटता पूर्ण करतो. त्याच्या १५ फेऱ्या ३०३ सेकंदांत होतात. दुसरा चालक वेगवान आहे. त्याची फेरी १९.५ सेकंदांची आहे, पण तो दोनदा उलटतो आणि दर वेळी ८ सेकंद गमावतो. त्याच्या १५ फेऱ्यांना २९२.५ अधिक १६, म्हणजे ३०८.५ सेकंद लागतात. प्रत्येक फेरीत पुढे असणारा चालक साडेपाच सेकंदांनी हरला! या खेळातला पहिला धडा हाच. आधी न उलटता चालवायला शिका, वेग त्यामागून येतो.

हात कसा बसवावा?

रिमोट पिस्तुलाच्या आकाराचा असतो. नेहमीच्या रचनेत डाव्या हाताच्या तर्जनीखाली ट्रिगर आणि उजव्या हाताला छोटे चाक. ट्रिगर ओढला की वेग, पुढे ढकलला की ब्रेक. नवशिक्याची पहिली अडचण वेगाची नसते, दिशेची असते. ट्रक आपल्यापासून दूर जात असतो तेव्हा उजवे ते उजवेच. तो आपल्याकडे तोंड करून येऊ लागला की त्याचे उजवे आपले डावे होते. उपाय एकच. आपण मचाणावर नाही, ट्रकच्या आत बसलो आहोत असे समजायचे. मैदानात दोन खुणा ठेवून इंग्रजी आठच्या आकारात ट्रक सावकाश फिरवत राहावे. पंधरा-वीस मिनिटांच्या अशा काही बैठका झाल्या की हात विचार न करता वळू लागतो.

दुसरी सवय नजरेची. ट्रककडे टक लावून पाहू नये. तो दोन-तीन मीटर पुढे जिथे जाणार आहे, तिथे नजर हवी. सायकल शिकताना चाकाकडे पाहणारा पडतो, तसेच हे.

वळण घेण्याची रीत

टायरच्या पकडीला शंभर रुपये समजा. ते ब्रेकवर खर्च करा, वळण्यावर करा किंवा वेग घेण्यावर करा, पण एकूण खर्च शंभराच्या वर जाता कामा नये. वळणात शिरून ऐंशी रुपये वळण्यावर घातले आणि तेवढ्यात जोराचा ब्रेक मारला, की पैसे संपले आणि ट्रक घसरला. शिवाय या ट्रकमध्ये ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो. त्यामुळे वळणात ब्रेक मारला तर मागची बाजू गर्रकन पुढे येते.

म्हणून ब्रेक सरळ रेषेतच आटोपावा. मग ट्रिगर सोडून वळावे, आणि ट्रकचे तोंड पुढच्या रस्त्याकडे लागल्यावर हळूहळू वेग द्यावा. वेग दिला की वजन मागे सरकते, पुढची चाके हलकी होतात आणि ट्रक वळायला कुचराई करतो. ट्रिगर किंचित सैल केला की वजन पुढे येते आणि पुढची चाके माती धरतात. चांगला चालक अर्धे वळण चाकाने घेतो आणि अर्धे ट्रिगरने, असे म्हटले तरी चालेल.

ट्रॅकवर गाड्या जाऊन जाऊन एक घट्ट, गुळगुळीत पायवाट पडते. तिच्या बाहेर मोकळी धूळ साचते. पायवाटेवरच राहावे. पुढच्याला ओलांडण्याच्या मोहाने धुळीत गेलेला ट्रक बहुधा आणखी दोघांच्या मागे पडतो.

उंचवट्यावरून उडी

या खेळातले सर्वांत सुंदर विज्ञान हवेत दिसते. ट्रक हवेत असताना ट्रिगर ओढला की त्याचे नाक वर जाते आणि ब्रेक मारला की नाक खाली येते. हवेत तर धरायला जमीन नाही, मग हे कसे?

अकरावीच्या पुस्तकात कोनीय संवेगाची अक्षय्यता असते, तीच येथे काम करते. चाके पुढच्या दिशेने अधिक जोरात फिरू लागली की ट्रकचे शरीर उलट दिशेने, म्हणजे नाक वर करून, फिरते. चाके एकदम थांबवली की त्यांचे फिरणे शरीराला मिळते आणि नाक खाली झुकते. फळ्यावर हे शिकवायला एक तास जातो आणि तरी काहींना पटत नाही. ट्रॅकवर ते एका उडीत दिसते.

यासाठी रीत अशी. उडीच्या चढावर वेग एकसारखा ठेवावा, शेवटच्या क्षणी ट्रिगर दाबू नये. हवेत नाक फार वर गेले तर ब्रेकला हलका स्पर्श करावा. उतरण्याच्या वेळी ट्रिगर थोडा ओढलेला असावा, म्हणजे चाके फिरतच जमिनीला लागतात आणि ट्रक कोलमडत नाही. आणि उडी उंच नव्हे, आखूड असावी. हवेतल्या ट्रकला वेग वाढवता येत नाही.

जुळणी : आधी काय, मग काय

‘मोटार मोठी घालू का?’ हा मुलांचा पहिला प्रश्न असतो. मोटारीची पाळी सर्वांत शेवटी येते. क्रम असा ठेवावा.

१) टायर. माती आणि ट्रक यांचा संबंध एवढ्याच जागेत येतो. मोकळ्या धुळीत उंच काट्यांचे टायर हवेत, घट्ट जमिनीवर बुटक्या, दाट काट्यांचे. काटे झिजून गोल झाले की पकड गेली. टायर रिमला नीट चिकटवलेला आहे ना, हे दर वेळी पाहावे.

२) उंची. ट्रक वीतभर वरून जमिनीवर सोडावा आणि स्थिरावल्यावर पाहावे. मागच्या चाकांकडे जाणारे दांडे साधारण आडवे राहिले तर सुरुवातीला उंची ठीक आहे.

३) स्प्रिंग आणि तेल. पुढची स्प्रिंग कडक केली की ट्रक कमी वळतो. मागची मऊ केली की मागची पकड वाढते. शॉक अब्सॉर्बरमध्ये सिलिकॉन तेल असते. ते उन्हाने पातळ होते, म्हणून जानेवारीत बसलेली जुळणी इंदूरच्या मे महिन्यात बसेलच असे नाही. तेव्हा थोडे दाट तेल लागते.

४) चाकांचे कोन. समोरून पाहता चाकांचा वरचा भाग एक-दोन अंश आत झुकलेला असावा. याला कॅम्बर म्हणतात. वळणात ट्रक कलतो तेव्हा टायर सपाट टेकण्यास याची मदत होते. मागच्या चाकांची तोंडे सुमारे तीन अंश आत वळलेली असतात. त्यामुळे ट्रक सरळ रेषेत डगमगत नाही.

५) गिअर. मोटारीवरचे दातेरी चाक मोठे केले की सर्वाधिक वेग वाढतो, पण मोटार तापते. पाच मिनिटे चालवून झाल्यावर तापमापकाने मोटार मोजावी. ७० ते ७५ अंशांच्या वर जात असेल तर एक-दोन दात कमी करावेत.

आणि सर्वांत मोठा नियम : एका वेळी एकच बदल. बदल करावा, पाच फेऱ्यांची वेळ मोजावी, वहीत लिहावी आणि मगच पुढचा बदल करावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि ट्रक सुधारला, तरी कशामुळे सुधारला हे कळत नाही. प्रयोगवहीचा हाच नियम आम्ही प्रयोगशाळेत वर्षभर सांगत असतो. तेथे मुले कंटाळतात, येथे ती स्वतःहून वही मागतात.

पालकांसाठी : धोका कोठे आहे?

धोका दोन ठिकाणी आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

पहिला वेगाचा. ताशी ४० किलोमीटरने धावणारा ट्रक आदळला, तर त्याचा आघात तोच ट्रक सुमारे सव्वासहा मीटर उंचीवरून पडल्याइतका असतो. म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून. म्हणून प्रेक्षक कठड्यामागेच हवेत आणि लहान भावंडांना ट्रॅकवर मज्जाव हवा. रस्त्यावर किंवा सोसायटीच्या वाटेवर हा ट्रक मुळीच चालवू नये.

दुसरा बॅटरीचा. शर्यतीत आता लिथियम पॉलिमर बॅटरी वापरतात. तिचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. त्यापुढे चार्ज केला किंवा सेलला इजा झाली, तर तो पेट घेऊ शकतो. ५००० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी ५ अँपिअरनेच, योग्य चार्जरवर, न जळणाऱ्या पिशवीत आणि मोठ्या माणसाच्या नजरेसमोर चार्ज करावी. रात्री लावून झोपू नये. फुगलेली बॅटरी वापरू नये. शाळेत मात्र ७.२ व्होल्टच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटऱ्याच वापराव्यात, असे आमचे मत आहे. त्यांवर वेग थोडा कमी मिळतो, पण त्या बऱ्याच सोशिक असतात. शिकण्यासाठी तेवढा वेग पुष्कळ झाला.

विश्वस्त मंडळींसाठी : खर्च आणि लाभ

चांगला ट्रक स्वस्त नाही, हे खरे. प्रत्येक मुलाने आपला ट्रक आणावा, असे झाले तर हा खेळ चार सधन घरांचा होईल आणि बाकीची मुले कठड्याबाहेर उभी राहतील. तसे होणार असेल तर ट्रॅक न केलेलाच बरा. म्हणून आमची सूचना अशी आहे, की ट्रक मंडळाचे असावेत, सारे एकाच प्रकारचे, एकाच मोटारीचे. मग जिंकण्याचे कारण खिसा राहणार नाही, हात आणि वही राहील. घरचे ट्रक ट्रॅकवर येऊ नयेत.

या खेळातली आम्हांला सर्वांत आवडलेली प्रथा शेवटी सांगतो. शर्यतीत ट्रक उलटला तर चालकाने मचाणावरून उतरायचे नसते. ट्रॅकवर ठिकठिकाणी उभे असलेले मार्शल धावत जाऊन तो सरळ करतात. हे मार्शल म्हणजे आधीच्या शर्यतीतले चालक. आपली शर्यत संपली की रिमोट ठेवायचा आणि पुढच्यांसाठी ट्रॅकवर उभे राहायचे. जिंकलेला असो वा हरलेला, कोणालाही सूट नाही. जो मघाशी आपल्याला हरवून गेला, त्याचाही ट्रक तितक्याच चपळाईने उचलायचा. मार्शलचे काम टाळणाऱ्याची फेरी कापण्याचा नियम अनेक ठिकाणी आहे.

मैदानाची एक कड, चार ट्रॉली मुरूम, जुने टायर रचून केलेला कठडा आणि रविवारी सकाळी दोन शिक्षक, एवढीच या प्रयोगाची गरज आहे. माळव्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चिखल होतो, तेव्हा ते चार महिने ट्रॅक बंद ठेवून मुलांनी ट्रक उघडून तेल, गिअर आणि बेअरिंग यांचा अभ्यास करावा. पालकांनी आपल्या शंका विज्ञान मंडळाकडे लेखी द्याव्यात. त्या साऱ्या अर्जासोबत विश्वस्त मंडळींसमोर ठेवल्या जातील. आणि मुलांनो, निर्णय होईपर्यंत माळ्यावर गेलेली ती जुनी गाडी खाली काढा, पेचकस घ्या आणि ती का बंद पडली ते आधी शोधून वहीत लिहा.