जुन्या फियाटला पावसाआधी नवे रबर

मावळात ज्यांच्या दारात जुनी फियाट उभी आहे, त्यांनी येत्या मृगापूर्वी एक काम करावे. गाडीतली पायाखालची चटई उचलावी आणि खालचा पत्रा बोटाने चाचपावा. पत्रा कोरडा व टणक लागला तर चिंता नाही. पण तो ओलसर लागला, खवले निघाले किंवा बोटाला तांबडी भुकटी चिकटली, तर काचांभोवतीचे व दारांचे रबर तपासलेच पाहिजे. गॅरेजवाले या रबराला बीडिंग म्हणतात. आपणही तेच म्हणू.

पुष्कळांना वाटते की जुनी गाडी इंजिनाने जाते. फियाटचे इंजिन साधे आहे, हुशार मिस्त्री ते पुन्हा बांधून देतो. सडलेला पत्रा मात्र कापून नवा जोडावा लागतो, आणि एकदा दाराचा तळ व पुढची जमीन गेली की घरातली मंडळी भंगारवाल्याला बोलावतात. आमच्या पाहण्यात अशा गाड्या आल्या आहेत, की ज्यांचे इंजिन एका दमात सुरू होत होते आणि पायाखालून रस्ता दिसत होता.

कामशेतच्या बाजूला हा धोका जास्त. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. पूर्वेकडे येताना तो झपाट्याने कमी होतो, तरी कामशेत, पवनेचे खोरे, नाणे मावळ या भागात भातलावणीच्या दिवसांत आठ-आठ दिवस उघडीप नसते. त्यात वारा. सरळ पडणारा पाऊस टपावरून वाहून जातो. घाटावरून येणारी तिरपी सर काचेच्या कडेवर आपटते आणि जिथे रबर उललेले असेल तिथून आत शिरते.

ही गाडी आपल्याच मुलखातली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी निघाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या. १९६४ ची डिलाइट, १९७२ ची प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची पद्मिनी ही एकाच घराण्यातली नावे. २००० सालाच्या सुमारास पद्मिनी निघणे बंद झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतूनही तिने निरोप घेतला. इतकी वर्षे ती इतक्या संख्येने धावली, म्हणूनच तिचे बीडिंग आजही मिळते. हे भाग्य सगळ्या जुन्या गाड्यांच्या वाट्याला येत नाही.

आता पाणी कसे शिरते ते पाहू. पुढची आणि मागची काच पत्र्याच्या चौकटीत थेट बसवलेली नसते. मध्ये जाड रबर असते. त्याच्या एका खाचेत काच बसते, दुसऱ्या खाचेत चौकटीची कड. पुढच्या दारांना एक लहान तिकोनी काच असते, तिचे रबर वेगळे. दार जिथे मिटते तिथे आणखी एक पोकळ रबर असते. खालीवर होणारी दाराची काच मऊ अस्तराच्या खाचेतून सरकते. या शेवटच्या ठिकाणी थोडे पाणी दाराच्या पोटात जाणारच. ते बाहेर पडावे म्हणून दाराच्या तळाला निचऱ्याची भोके ठेवलेली असतात. भाताच्या खाचराला सांड असते तसेच हे आहे. भोक चिखलाने बुजले की दाराच्या पोटात तळे साचते आणि पत्रा आतून खात जातो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आत बरेच काही संपलेले असते.

रबर खराब का होते? कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. गंधक घालून तापवले की ते टिकाऊ होते, हे १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याला सापडले. पण तेही अमर नाही. ऊन आणि हवेतला ओझोन वायू ताणलेल्या रबराला बारीक चिरा पाडतात. काचेच्या कोपऱ्यात रबर वळलेले व ताणलेले असते, म्हणून पहिली चीर तिथेच दिसते. तेल, रॉकेल, डिझेल यांनी ते फुगून मऊ पडते. विहिरीवरच्या पंपाच्या वायसरला जे होते तेच. आपल्याकडे आणखी एक शत्रू आहे, उंदीर. पेंढ्याच्या गंजीशेजारी गाडी उभी केली की दाराचे रबर कुरतडलेच म्हणून समजा.

गळती दिसली की बहुतेक जण सिलिकॉनची नळी आणतात किंवा डांबर थापतात. आम्हाला हा उपाय मुळीच पसंत नाही. कडक झालेल्या रबरावर तो लेप धड बसत नाही, वरून कोरडे वाटते आणि खाली शिरलेल्या पाण्याची वाट मात्र बंद होते. शिवाय पुढे काच काढायची वेळ आली की तो लेप खरवडताना रंग निघतो तो निराळाच.

आधी गळती नेमकी कुठे ते शोधावे. एकाने आत टॉर्च घेऊन बसावे, दुसऱ्याने बाहेरून पाण्याची नळी धरावी. नळी खालून सुरू करून हळूहळू वर न्यावी. वरूनच पाणी सोडले तर ते सगळीकडून ओघळते आणि काहीच कळत नाही. दाराच्या रबराला आणखी सोपी परीक्षा आहे. कागदाची पट्टी दारात धरून दार मिटावे आणि पट्टी ओढावी. सहज निघाली तर तिथे रबर दबलेले आहे. चारी बाजूंनी असे करून खडूने खुणा कराव्यात. दार लोंबत असेल तर प्रथम बिजागरी नीट करून घ्यावी. वाकड्या दाराला नवे रबर लावणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

खरेदीला जाताना जुन्या बीडिंगचा बोटभर तुकडा कापून बरोबर न्यावा आणि कापलेली बाजू नव्याशी जुळवून पाहावी. तुकडा दबून चपटा झाला असेल तर दाराची फट मोजावी लागते. त्यासाठी घट्ट मळलेल्या कणकेच्या चार गोळ्या प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून दाराच्या कडेला चार ठिकाणी ठेवाव्यात व दार मिटावे. कणीक जितकी जाड उरली तितकी फट. घरच्या मालकिणीने कारण विचारले तर खरे सांगावे, गाडी वाचली तर तीही बसणारच आहे! पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत कुर्ल्याच्या बाजूला जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. ई.पी.डी.एम. जातीचे रबर मिळाले तर तेच घ्यावे. ऊनपावसात ते साध्या रबरापेक्षा पुष्कळ टिकते. मात्र तेही तेलाला भिते.

पुढची काच काढताना घाई नको. जुने रबर टाकूनच द्यायचे आहे, तेव्हा त्याची बाहेरची ओठाळी ब्लेडने कापून काच मोकळी करणे सर्वांत सुरक्षित. रबर वाचवण्यासाठी पेचकसाने उचकटू नये. काच काढल्यावर गादीवर किंवा गोणपाटावर ठेवावी, कड दगडावर टेकू देऊ नये. टफन केलेल्या काचेच्या कडेला टोला बसला तर तिचा एका क्षणात चुरा होतो. दोन थरांची काच असेल तर तिला तडा जातो.

यानंतरचे काम लोकांना कंटाळवाणे वाटते, पण सगळे यश त्यावर आहे. चौकटीची कड उघडी पडली की तिथला गंज दिसतो. तो पत्रा चकचकीत होईपर्यंत घासावा, भोक पडले असेल तर पत्रा जोडून घ्यावा, मग प्रायमर व रंग द्यावा. रंग पुरता वाळू द्यावा, ओल्या रंगावर रबर चिकटते. लग्नसराईत वरातीसाठी बाहेरून रंग मारून घेणारे आणि बीडिंग तसेच ठेवणारे मालक आहेत. अशा रंगाला दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतात.

काच बसवण्याचे काम दोघांचे आहे, आणि भर दुपारी करावे, म्हणजे रबर मऊ असते. नवे रबर प्रथम काचेभोवती चढवावे. ते ताणून लांबवू नये. जुळवायचे असेल तर किंचित जास्त ठेवून आत दाबावे आणि सांधा कोपऱ्यात येऊ देऊ नये. चौकटीच्या खाचेत सर्वत्र मजबूत सुती दोरी घालून तिची दोन्ही टोके गाडीच्या आत, खालच्या मध्यावर येतील असे पाहावे. कडेला साबणाचे पाणी लावावे. ग्रीस किंवा तेल लावू नये. बाहेरच्याने काच तळहाताने दाबून धरावी आणि आतल्याने दोरी हळूहळू ओढत जावी. दोरी निघेल तशी रबराची ओठाळी चौकटीवर चढत जाते. कुठे अडले तर थांबावे, दोरी परत घालून पुन्हा करावे. जोर लावला की काच जाते. पहिल्यांदा करणाऱ्याने जाणता मिस्त्री बोलवावा आणि स्वतः दोरी धरावी.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम काढले. त्या नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली अशा ठरावीक कारणांनीच रस्त्यावर आणता येते. पद्मिनीतून रोज दूध डेअरीवर न्यायचे असेल तर ती नोंदणी करू नये. साधी नोंदणी वेळच्या वेळी नूतन करून घ्यावी.

नवे बीडिंग बसल्यावर पहिल्या मोठ्या सरीनंतर पुन्हा चटई उचलून पाहावी. रबर महिन्यातून एकदा साबणाच्या पाण्याने पुसावे, गाडी पेंढ्यापासून दूर उभी करावी, आणि पावसाळाभर दर पंधरवड्याला बारीक काडीने दारांची भोके मोकळी करावीत. तार घालू नये, तिने रंग खरवडतो.