कुत्र्याचा डोळा अचानक लाल आणि धुरकट झाला तर?

“डॉक्टर, आमच्या कुत्र्याला मोतीबिंदू झालाय बहुतेक. आईचे ड्रॉप्स घातले तर चालतील का?” माणसांच्या डॉक्टरलाही हा प्रश्न विचारला जातो. उत्तर एकच: घालू नका. मोतीबिंदू सहसा हळूहळू वाढतो आणि दुखत नाही. डोळा अचानक लाल, धुरकट झाला आणि दुखू लागला, तर आतले भिंग सरकलेले असू शकते.

भिंग का सरकते?

बाहुलीमागचे भिंग बारीक तंतूंनी जागेवर धरलेले असते. तंतू तुटले की ते पुढे किंवा मागे सरकते. जॅक रसेलसारख्या टेरियर जातींत हा दोष आनुवंशिक असतो आणि बहुधा ३ ते ८ वर्षांच्या वयात दिसतो. इतर कुत्र्यांत काचबिंदू, जुना मोतीबिंदू, डोळ्याच्या आतली सूज किंवा मार ही कारणे असतात. माणसांतही मार लागल्याने किंवा मार्फान सिंड्रोममध्ये असे होते.

भिंग पुढे आले की डोळ्यातल्या पाण्याची वाट अडते, दाब वाढतो आणि एक-दोन दिवसांत नजर कायमची जाऊ शकते.

ही लक्षणे पाहा

• डोळा लाल, बुबुळावर निळसर-पांढरी झाक
• डोळा मिटून धरणे, पाणी येणे, पंजाने चोळणे
• खाणे कमी होणे, गप्प पडून राहणे, वस्तूंना धडकणे

म्हाताऱ्या कुत्र्याच्या दोन्ही डोळ्यांत हळूहळू येणारी निळसर झाक बहुधा वयाची असते. तरी एकदा दाखवून घ्या.

घरातले ड्रॉप्स का नकोत?

काचबिंदूचे काही ड्रॉप्स बाहुली आकसवतात. पुढे आलेले भिंग त्यामुळे तिथेच अडकते. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत लाल डोळ्यामागे अनेकदा बुबुळावरची जखम असते. तिथे स्टिरॉइडचे ड्रॉप्स घातले तर जखम चिघळते.

काय कराल?

त्याच दिवशी, शक्यतो काही तासांतच पशुवैद्याकडे न्या. परळचे ‘बैलघोडा हॉस्पिटल’, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, दादर-गिरगावकरांना ठाऊक आहेच. १८८६ साली सुरू झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच आहे. कुठेही जा, आधी फोन करून डोळ्याचा दाब मोजण्याची सोय आहे का ते विचारा. नेताना गळ्यातला पट्टा ओढू नका. त्याने डोळ्यातला दाब वाढतो.

पुढे आलेले भिंग बहुतेकदा शस्त्रक्रियेने काढावे लागते. आनुवंशिक प्रकारात दुसऱ्या डोळ्यालाही धोका असतो, म्हणून तोही तपासून घ्या.